पार्सल 'डिलिव्हर्ड', गिऱ्हाईक म्हणतं मिळालंच नाही

प्रश्न: ताई, मी इचलकरंजीहून ऑनलाइन चपला विकते. नागपूरच्या एका बाईंचं पार्सल डिलिव्हर्ड दिसतंय पण त्या म्हणतात मिळालंच नाही, रिफंड द्या. काय करू?

उत्तर: आधी त्यांना खोटं ठरवू नका हं, बरेचदा डबा वॉचमनकडे नाहीतर शेजारी पडलेला असतो. कुरियरकडून पीओडी, म्हणजे पार्सल पोचवल्याचा पुरावा, मागवा, सही कुणाची, ओटीपी घेतला का, बघा, आणि बोलणं ॲपच्या चॅटमध्येच ठेवा, फोनवरचं नंतर कुणी मानत नाही. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे विक्रेत्यानं तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची आणि महिन्याभरात निकाली काढायची, म्हणून गप्प बसू नका. हरवलेल्या पार्सलची भरपाई मागायच्या क्लेमची मुदतही बघून घ्या, ती फार पटकन संपते. आणि पुढच्या वेळी पॅकिंगचा व्हिडिओ काढा, लेबल नीट दिसेल असा!