वीर्यात रक्त दिसले तर डॉक्टरांकडे जावे का?

आपले वय ३४ आहे, त्रास एकदाच झाला आणि वेदना नाहीत, असे आपण लिहिले आहे. या वयात बहुतेक वेळा कारण मूत्राशयाखालच्या प्रोस्टेट ग्रंथीची किंवा वीर्यातील द्रव तयार करणाऱ्या वीर्यकोशांची सूज अथवा जंतुसंसर्ग असे साधे असते, कित्येकदा ते सापडतही नाही, आणि तक्रार आपोआप थांबते; तरीही एकदा मूत्रविकारतज्ज्ञांना दाखवावेच, असे माझे स्पष्ट मत आहे. ताजे रक्त लाल दिसते, तर साचलेले रक्त तपकिरी होऊन पुढे काही आठवडे येत राहू शकते, म्हणून केवळ रंग पाहून घाबरू नये. डॉक्टर प्रथम रक्तदाब व लघवी तपासतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असल्यास किंवा पूर्वी क्षयरोग झाला असल्यास ते न विचारताही सांगावे, कारण आपल्याकडे जननमार्गाचा क्षय हे एक खरे कारण आहे. संकोचामुळे लैंगिक संबंधांविषयीची माहिती लपवू नये. चाळिशीनंतर, किंवा रक्त वारंवार दिसत असल्यास, पीएसए ही प्रोस्टेटच्या आजारासाठीची रक्ततपासणी व सोनोग्राफी करण्याचा सल्ला मिळू शकतो. मात्र ताप, लघवीत रक्ताच्या गाठी किंवा लघवी अडणे यांपैकी काहीही झाल्यास त्याच दिवशी रुग्णालयात जावे.