फवारलं आणि मावा वाढला!

प्रश्न : कपाशीवर मावा दिसला म्हणून दोनदा औषध मारलं. आठ दिवस पानं स्वच्छ, मग आधीपेक्षा जास्त मावा. दुकानदार म्हणतो, डोस कमी पडला. बी.एस्सी.ला असलेला मुलगा म्हणतो, याचं गणित शंभर वर्षांपूर्वीच मांडलंय. कोणाचं ऐकू?
– एक शेतकरी, जि. वाशीम

उत्तर : आधी मुलाचं ऐका. मी आयुष्यभर कॉलेजात गणित शिकवलं, त्यामुळे माझा कल कुठे असणार ते उघड आहे.

हे गणित निघालं मासळीबाजारातून. पहिल्या महायुद्धात एड्रियाटिक समुद्रातली मासेमारी जवळजवळ थांबली होती. उंबेर्तो दांकोना या इटालियन प्राणिशास्त्रज्ञाने नंतर तिथल्या बाजारांच्या नोंदी चाळल्या. फियूमे बंदरात (आताचं क्रोएशियातलं रिएका) 1914मध्ये मुशी, पाकट अशा शिकारी माशांचा वाटा सुमारे 12 टक्के होता. 1918मध्ये तो 36 टक्क्यांवर गेला आणि मासेमारी सुरू झाल्यावर 1923पर्यंत 11च्या खाली आला. जाळी बंद, तर फायदा शिकारी मुशीचा, तिचं भक्ष्य असलेल्या तारलीचा नाही! हे कोडं त्याने होणाऱ्या सासऱ्यांपुढे ठेवलं. सासरे म्हणजे गणिती व्हितो व्होल्टेरा. त्यांनी 1926मध्ये शिकारी आणि भक्ष्य यांच्या संख्येची समीकरणं छापली. अमेरिकेत आल्फ्रेड लोटकाने तीच आधी मांडली होती, म्हणून आज दोघांचं नाव जोडून घेतात. (याच व्होल्टेरांनी 1931मध्ये फॅसिस्ट राजवटीच्या निष्ठेची शपथ नाकारून प्राध्यापकी गमावली. मला ते समीकरणांइतकेच त्यासाठीही आवडतात.)

आता तुमच्या शेतात या. इथे भक्ष्य मावा, शिकारी म्हणजे त्याला खाणारा ढालकिडा (लेडीबर्ड), आणि जाळ्याच्या जागी फवारणी. समजा, दर आठवड्याला 100 ढालकिड्यांतले 10 मरतात, आणि तेवढीच नवी पैदास व्हायला पानामागे सरासरी 50 मावा खायला लागतो. हे आकडे मी सोयीसाठी घेतलेत. मावा 50च्या वर गेला की ढालकिडे वाढतात, खाली आला की घटतात. म्हणून मावा 50च्या वर-खाली झुलत राहतो. माव्याची सरासरी ठरते ती ढालकिड्याच्या गरजेवरून. गंमत इथेच आहे. फवारणीने ढालकिडेही मरतात. आठवड्याला आणखी 10 गेले, तर भरपाईसाठी दुप्पट पैदास हवी, म्हणजे पानामागे 100 मावा. तुमच्या पैशाने सरासरी दुप्पट!

कॅलिफोर्नियात हे घडून गेलंय. तिथल्या लिंबू-संत्र्याच्या बागांतली खवलेकीड 1889च्या सुमारास ऑस्ट्रेलियाहून आणलेल्या वेडालिया ढालकिड्याने आटोक्यात आणली. 1940च्या दशकात डीडीटी फवारलं, ढालकिडे मेले आणि खवलेकीड पुन्हा उसळली.

समीकरण ढोबळ आहे, हे कबूल. त्यात फवारणी कायम चालू धरलेली असते आणि मावा औषधाला सरावतो हे धरलेलंच नसतं. शिवाय माव्याची मादी नराशिवाय थेट पिल्लं देते, त्यामुळे तो आधी सावरतो आणि ढालकिडा मागे राहतो. जास्त युरिया दिला असेल तर कोवळ्या पानांवर त्याची चैनच.

दुकानदाराचं ऐकण्याआधी पानं उलटून बघा. काळी, नारिंगी ठिपक्यांची, लहानशा मगरीसारखी अळी दिसली तर चिरडू नका. ती ढालकिड्याची अळी, आणि मावा तीही खाते. गच्चीतल्या चवळीवर मी अशा दहाबारा कीड समजून चपलेखाली घातल्या. आठवड्यात शेंगा माव्याने काळ्या पडल्या. बायकोने अजून तो विषय सोडलेला नाही.

मुलाला एक काम द्या. शत्रू नसताना मावा आठवड्याला 60 टक्के दराने वाढतो आणि फवारणीत दोन्ही किडे 10 टक्के दराने मरतात असं धरून दोन्ही सरासऱ्या काढायला सांगा. मावा 50चा 100 यायला हवा आणि ढालकिडे दर सहाचे पाच. जमलं नाही तर वही पाठवा, तपासून देईन.