चाळणीतला कोंडा

"मॅडम, घरात सगळ्यात कमी मी खाते आणि वजन माझंच वाढतं, आता तर रिपोर्टमध्येच आलंय की माझे पोटातले बॅक्टेरिया खराब आहेत."

नाशिकच्या सिडकोतल्या एक ताई, माझ्याकडे आहाराचा सल्ला घ्यायला आलेल्या, वय 43. त्यांना विचारूनच लिहितेय, ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत. ऑनलाइन मागवलेल्या शौचाच्या टेस्टचा रिपोर्ट त्यांनी टेबलावर ठेवला, पानोपानी लाल पट्टे आणि शेवटी त्याच कंपनीच्या चांगल्या बॅक्टेरियांच्या कॅप्सूलचा तीन महिन्यांचा कोर्स. बोलता बोलता रडायला लागल्या, कारण घरात सगळ्यांना वाटतं की ही गुपचूप खात असणार. हल्ली महिन्यातून दोन-तीन जण तरी हीच भीती घेऊन येतात म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी त्यांना फॅमिली डॉक्टरांकडे पाठवलं. थायरॉईड नॉर्मल आलं, एचबीए1सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी टेस्ट) 6.1, म्हणजे डायबेटीस नाही पण उंबरठ्यावर. लाल पट्ट्यांबद्दल एवढंच सांगितलं की निरोगी माणसाचे बॅक्टेरिया नेमके असेच असावेत असं सर्वमान्य माप अजून ठरलेलंच नाही, त्यामुळे त्या रंगाला घाबरू नका.

पण त्यांचं म्हणणं मी उडवून लावलं नाही, कारण त्यात तथ्य आहे. अमेरिकेत सेंट लुईसला जेफ्री गॉर्डन यांच्या टीमने पोटात एकही जंतू नसलेले उंदीर वाढवले होते, त्यांना साध्या उंदरांच्या आतड्यातले बॅक्टेरिया दिले तर 14 दिवसांत अंगावरची चरबी जवळपास 60 टक्क्यांनी वाढली, आणि खाणं उलट कमी झालेलं! हे 2004 सालचं. ऐकल्यावर ताई ताठ बसल्या, "म्हणजे मी खोटं बोलत नव्हते ना?" नव्हताच, म्हटलं. तेच अन्न दोन शरीरांत वेगळं लागू शकतं. फक्त उंदरांवरून थेट माणसाचा हिशोब मांडता येत नाही, तेही सांगितलं.

त्यांचं माहेर निफाडकडचं, भावाकडे चार गाई. मी विचारलं, लग्नातलं उरलेलं अन्न गाईला घातलं तर काय होतं हो? लगेच म्हणाल्या, "अहो, एकदा भात आणि पोळ्या पाटीभर घातल्या, तर दुसऱ्या दिवशी गाय उठेना, रवंथ बंद, पोट गच्च." बघा, गाईला लागणाऱ्या एनर्जीतली 70 टक्क्यांच्या आसपास तिच्या कोठीपोटातले (पोटाच्या सगळ्यात मोठ्या कप्प्यातले) जंतू चारा आंबवून तिला देतात. एकदम भात-पोळी पडली की त्यातला स्टार्च खाणारे जंतू माजतात, लॅक्टिक ॲसिड साचतं आणि चारा पचवणारे मरायला लागतात. अशा वेळी पशुवैद्य कधीकधी निरोगी गाईच्या कोठीपोटातला रस आजारी गाईला पाजतात, हेही त्यांना माहीत होतं. गाय तीच, जंतूही तिचेच, बदललं काय तर पाटीतलं अन्न.

आपण काही गाय नाही, आपल्याला या मार्गाने फार तर दहावा हिस्सा एनर्जी मिळते. पण आपल्या मोठ्या आतड्यातले बॅक्टेरियाही फायबर आंबवूनच ब्युटिरेटसारखी ॲसिड बनवतात, आतड्याच्या अस्तराचं मुख्य इंधन तेच, आणि भूक, साखर, सूज यांच्याशीही त्याचा संबंध आहे. 2013 मध्ये त्याच टीमने जुळ्या बहिणींमधल्या जाड आणि बारीक बहिणीचे बॅक्टेरिया वेगवेगळ्या उंदरांना दिले, जाड बहिणीचे मिळालेले उंदीर जास्त चरबीचे झाले. मग दोन्ही एका पिंजऱ्यात ठेवले तर (उंदीर एकमेकांच्या लेंड्या खातात) बारीक बहिणीचे बॅक्टेरिया दुसऱ्यांमध्ये रुजले आणि चरबी चढली नाही, पण हे फायबर जास्त आणि फॅट कमी असलेल्या खाण्यावरच झालं. नुसते चांगले जंतू येऊन भागत नाही, त्यांचं खाणं पण लागतं. म्हणून कॅप्सूल नको म्हटलं.

मग आठवडाभराचं खाणं लिहून आणायला सांगितलं. तीन वेळा चहा-खारी, दुपारी पांढरा भात, रात्री दोन पोळ्या, उपासाला साबुदाणा. खरंच कमी होतं हो. पण पोळीचं पीठ त्या बारीक चाळणीने चाळायच्या, पोळ्या मऊ व्हाव्यात म्हणून, आणि कोंडा, म्हणजे पिठातलं फायबरच, वाटीत साठवून रोज सकाळी दारावर येणाऱ्या गाईला! शिवाय वर्षात तीनदा सर्दीसाठी मेडिकलमधून आपल्याच मनाने अँटिबायोटिक, जे साध्या सर्दीच्या व्हायरसवर चालतच नाही आणि आतड्यातले जंतू मात्र मारतं, काही तर महिनोन्‌महिने परत येत नाहीत.

ठरलं असं: पीठ चाळायचं नाही, एका वेळेला नागलीची नाहीतर बाजरीची भाकरी, रोज उसळ, जेवताना कच्चा कांदा, कारण त्यातलं इन्युलिन या बॅक्टेरियांना आवडतं आणि नाशिकात कांद्याला काय तोटा. घरचं दही रोज.

इथे चूक माझी झाली. हळूहळू वाढवा हे मी सांगितलंच नाही, त्यांनी पहिल्याच दिवशी दोन वाट्या मटकी आणि दोन कांदे खाल्ले, रात्री साडेदहाला फोन, पोट नगाऱ्यासारखं. मग पुन्हा पाव वाटीपासून सुरू केलं, दर आठवड्याला थोडं थोडं, बरोबर पाणी. हे कृपया सगळ्यांनी लक्षात ठेवा, आणि ज्यांना कांद्या-कडधान्याने कायमच त्रास होतो त्यांनी आधी डॉक्टरांना विचारा.

पाच महिन्यांनी वजन साडेतीन किलो कमी, एचबीए1सी 5.8. संध्याकाळचं चालणंही सुरू केलं होतं, त्यामुळे सगळं श्रेय बॅक्टेरियांना देणार नाही मी. पोट मात्र रोज साफ, आणि सासूबाईही आता न चाळलेल्या पिठाचीच पोळी खातात.

मागच्या आठवड्यात त्यांचा फोन आला, "मॅडम, ती गाय अजून दारात येऊन उभी राहते हो, कोंडा नाही तर तिला काय देऊ?" म्हटलं, मेथीच्या काड्या, कोबीची पानं द्या. उरलेल्या पोळ्या तेवढ्या देऊ नका.