फोटो डिस्कवर टाकले, आता कार्ड पुसू का?

(कॅमेऱ्याबद्दलच्या वाचकांच्या प्रश्नांना सोलापुरातले एक जुने स्टुडिओवाले या सदरात उत्तरं देतात.)

प्रश्न : मी शिक्षक आहे. दिवाळीत २४ मेगापिक्सेलचा मिररलेस कॅमेरा घेतला. सिद्धेश्वर यात्रेत ६८ लिंगांच्या तैलाभिषेकापासून होम मैदानावरच्या शोभेच्या दारूकामापर्यंत सगळं टिपायची इच्छा आहे. ६४ जीबीची दोन कार्डं आहेत, पण मागच्या लग्नाचा अनुभव बघता ती अक्षता सोहळ्यातच भरतील. घरातला लॅपटॉप मुलगी पुण्याला घेऊन गेली, माझ्याकडे फक्त फोन. पोर्टेबल हार्ड डिस्क घ्यायची, रोज रात्री फोनमार्फत तिच्यात फोटो टाकायचे आणि कार्ड पुसून सकाळी पुन्हा वापरायचं, असा बेत आहे. कोणती डिस्क घेऊ? — एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : गुरुजी, डिस्कचं सांगतो, पण त्याआधी ते कार्ड पुसायचं बघू. आज रात्री फोटो कार्डावर आहेत. तुम्ही ते डिस्कवर घेतले आणि कार्ड पुसलं, की उद्या ते फक्त डिस्कवर आहेत. काल एक प्रत होती, आजही एकच. वर ती आता जास्त नाजूक वस्तूत आहे. कार्डात हलणारा भाग नसतो. हार्ड डिस्कच्या पोटात तबकडी मिनिटाला साधारण ५४०० फेरे घेते आणि वाचणारं टोक तिच्यावर केसाच्या जाडीहून कितीतरी कमी अंतरावर तरंगतं. डिस्क चालू असताना टेबलावरून फरशीवर आली, की बहुतेक वेळा विषय संपला. दर लग्नसराईनंतर कोणी ना कोणी 'टक्-टक्' वाजणारी डिस्क रुमालात गुंडाळून आमच्या काउंटरवर ठेवतो. ती पुन्हा पुन्हा लावून बघू नये, दर वेळी आत आणखी ओरखडे पडतात. आणि फ्रीजमध्ये ठेवा म्हणणारा भेटला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

म्हणून पहिली खरेदी डिस्कची नको, आणखी दोन कार्डांची करा. चांगल्या एसएसडीच्या (तबकडीऐवजी चिपवर साठवणाऱ्या डिस्कच्या) मानाने ती स्वस्त पडतात. मग यात्रा संपेपर्यंत एकही कार्ड पुसायची वेळ येणार नाही. भरलेलं कार्ड वेगळ्या डबीत, उलटं ठेवायचं. उलटं म्हणजे भरलेलं, हे एकदा ठरवून टाका. नंदीध्वजाच्या मिरवणुकीत, हलग्यांच्या कल्लोळात आणि 'हर्र बोला हर्र'च्या गजरात कुठलं कार्ड कुठलं हे आठवत बसायला डोकं ठिकाणावर नसतं.

आता हिशोब. २४ मेगापिक्सेलची रॉ फाइल (कॅमेऱ्याने काही न बदललेला कच्चा फोटो) साधारण २५ ते ३० एमबी, सोबतची जेपीजी ८ ते १०. दोन्ही ठेवत असाल तर ६४ जीबीच्या कार्डात दीड हजाराच्या आसपास फोटो मावतात. संमती कट्ट्यावरच्या अक्षता सोहळ्यात अशी दोन कार्डं भरणार, म्हणजे तीन हजार फोटो! माझा अंदाज, तुमचा कॅमेरा बर्स्टवर आहे, म्हणजे बटण दाबून धरलं की धडाधड फोटो निघतात. पांढऱ्या बाराबंदीतली माणसं कुठं पळून जात नाहीत. अक्षता पडतात त्या क्षणापुरता बर्स्ट ठेवा, बाकी वेळ एकेक फोटो काढा. निम्मा बॅकअप तिथंच होतो.

डिस्क घ्याच, पण फोनला जोडायची असेल तर हार्ड डिस्क नको, पोर्टेबल एसएसडी घ्या. एसएसडीत फिरणारं काही नसतं, ती वीजही बेताची खाते. हार्ड डिस्कला सुरू होताना लागणारी वीज बरेच फोन देऊ शकत नाहीत. ती जोडल्यावर नुसती कुरकुरते, नाहीतर मध्येच तुटते. फोन टाइप-सीवाला हवा. आयफोन असेल तर २०२३ च्या १५ व्या मालिकेपासून टाइप-सी आहे. लागणाऱ्या वस्तू तीन : एसएसडी, यूएसबी ३ चा कार्ड रीडर आणि दोन्ही एकदम लागतील असा छोटा हब. हबला चार्जरची वायर लावता येईल असाच घ्या, फोनची बॅटरी अर्ध्यात मान टाकत नाही. रीडर घेताना दुकानदार जुना यूएसबी २ चा पुढे करतो. त्यातून ६४ जीबी उतरायला अर्ध्या तासाच्या वर जातं. यूएसबी ३ वर साधं चांगलं कार्ड दहा-पंधरा मिनिटांत रिकामं होतं. दिवसभर उभं राहून आलेल्या माणसाला रात्री अकरा वाजता हा फरक कळतो.

एसएसडी आधी शाळेतल्या कॉम्प्युटरवर एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून घ्या. एक्सफॅट, एनटीएफएस, फॅट ३२ या डिस्कवर फाइली मांडायच्या पद्धती. एनटीएफएस असेल तर बरेच फोन तिच्यावर लिहीतच नाहीत. फॅट ३२ वर ४ जीबीहून मोठी फाइल बसत नाही, दारूकामाचा लांब व्हिडिओ तिथं अडतो. एक्सफॅटची खोड एवढीच, की कॉपी चालू असताना वायर उपटली तर ते रुसतं, कधी कधी पूर्ण डिस्क वाचता येत नाही. फोनवर 'इजेक्ट' दाबा, मगच काढा.

आता खरी गोम. कॅमेरा फाइलींना ०००१ ते ९९९९ असे आकडे देतो आणि पुन्हा ०००१ वर येतो. काही कॅमेऱ्यांत तर कार्ड बदललं की आकडा पहिल्यापासून सुरू होतो. तुम्ही चारही कार्डं एकाच फोल्डरमध्ये ओतलीत तर फोन विचारणार, याच नावाची फाइल आहे, बदलू का? झोपेत 'हो' दाबलं की तैलाभिषेक गेला आणि त्याच्या जागी होम प्रदीपन आलं. कॅमेऱ्याच्या मेनूत फाइल नंबरिंग 'कंटिन्युअस' आहे ना, ते बघा आणि प्रत्येक कार्डाला तारखेचं वेगळं फोल्डर करा : '१४ जानेवारी, कार्ड २'. 'मूव्ह' कधीच नाही, नेहमी 'कॉपी'. झाल्यावर दोन्हीकडच्या फाइलींची संख्या आणि एकूण एमबी जुळवा. मग पाच-सहा फोटो डिस्कवरून उघडून पूर्ण मोठे करून बघा. छोटं चित्र दिसलं म्हणजे फाइल धड आहे असं नाही. अर्धवट उतरलेल्या फोटोचंही छोटं चित्र बऱ्याचदा नीट दिसतं आणि उघडल्यावर खालचा भाग करडा असतो.

फोनशिवाय, थेट कार्ड खुपसायच्या पेट्याही निघाल्या होत्या. २००४ साली एप्सनने पी-२००० नावाची काढली, आत ४० जीबीची हार्ड डिस्क आणि वर स्क्रीन. तेव्हा आम्हाला ती चैन वाटायची. आज तुमच्या नखाएवढ्या कार्डात तिच्याहून जास्त मावतं. वेस्टर्न डिजिटलच्या २०१६ च्या वायरलेस प्रोला कार्डाची खाच होती आणि कॉपीचं बटणही. जुन्या बाजारात अशी दिसली तर आतली बॅटरी फुगलेली नाही ना, ते बघा. मी तरी घेणार नाही. दिवा हिरवा झाला म्हणजे सगळे फोटो आले, यावर माझा विश्वास नाही. मला फोटो डोळ्यांनी बघायचा असतो.

यात्रेनंतरचंही ठरवून ठेवा. पीटर क्रोघ या अमेरिकी छायाचित्रकाराने रूढ केलेला ३-२-१ हिशोब तुम्हाला सोपा जाईल : तीन प्रती, दोन प्रकारच्या वस्तूंवर, त्यातली एक घराबाहेर. एसएसडी घरी राहील. दुसरी, साधी स्वस्त हार्ड डिस्क मुलगी संक्रांतीला आली तर तिच्या लॅपटॉपवर भरून पुण्याला पाठवा. तिसरी प्रत म्हणून निवडक दोन-तीनशे जेपीजी गुगलवर चढवा. फुकटची जागा १५ जीबीच आहे आणि तिच्यात तुमची मेलही राहते, त्यामुळे सगळी यात्रा तिथं मावायची नाही. एसएसडी कपाटात टाकून वर्षानुवर्षं विसरू नका, वीज न मिळता फार काळ पडून राहिली तर आतली माहिती विरू शकते. मे महिन्यात डिस्क गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, हे सोलापूरकराला सांगायला नको.

एसएसडी आणि हार्ड डिस्क, या दोन्हींवरच्या प्रती डोळ्यांनी बघितल्या की मग कार्ड पुसा, आणि तेही कॅमेऱ्यातच फॉरमॅट करून.

प्रश्न : भाच्याच्या मुंजीचे फोटो असलेलं कार्ड चुकून फॉरमॅट झालं. त्यानंतर त्यावर दहा-बारा फोटो काढले. काही परत मिळेल? — एक वाचिका, अक्कलकोट

उत्तर : बरंच मिळेल, ताई, पण आता त्या कार्डावर एकही फोटो काढू नका. कडेची 'लॉक'ची खिट्टी खाली ओढा आणि कार्ड बाजूला ठेवा. कॅमेऱ्यातल्या साध्या फॉरमॅटने बहुधा फोटोंची यादी पुसली जाते, फोटो तिथंच असतात. नवे दहा-बारा ज्या जागेवर बसले तेवढे गेले समजा. कॉम्प्युटरवर फोटोरेक नावाची मोफत प्रणाली चालवा, मिळालेले फोटो त्याच कार्डावर नाही, दुसऱ्या डिस्कवर उतरवा. फाइलींची नावं जातील आणि मुंजीत भलत्याच वेळचे फोटो मिसळतील. तारखेवरून लावून घ्या.

प्रश्न : ऑनलाइन २ टीबीचा पेनड्राइव्ह ४९९ रुपयांत दिसतोय. फोटोंसाठी घेऊ का? — एक वाचक, बार्शी

उत्तर : नको. तो २ टीबी नाहीच. आत ३२ किंवा ६४ जीबीची चिप असते आणि कॉम्प्युटरला खोटा आकडा दाखवायला शिकवलेलं असतं. खरी जागा संपल्यावरही कॉपी चालूच राहते, नावं दिसतात, फोटो उघडत नाहीत. घेऊन बसला असाल तर एच-टू-टेस्ट-डब्ल्यू या मोफत प्रणालीने पूर्ण भरून तपासा आणि परत करायची मुदत संपायच्या आत परत करा.