‘नेव्हिगेशन आहे का?’ हे नंतर विचारा

मामींच्या मेंदूतल्या न फुटलेल्या अॅन्युरिझमला (रक्तवाहिनीच्या भिंतीला आलेल्या फुग्याला) क्लिप लावायची ठरलीय आणि नेव्हिगेशन असलेल्या हॉस्पिटलातच जावं का, असं तुम्ही विचारलंय. मी न्यूरोच्या ओटीत भूल देते, सर्जन नाही. पण टेबलाच्या डोक्याकडचं सगळं रोज बघते.

नेव्हिगेशन म्हणजे आधी काढलेल्या सीटी-एमआरआयचा नकाशा. डोकं पिनांमध्ये पक्कं करून चेहऱ्यावरच्या खुणा स्कॅनशी जुळवतात. मग पॉइंटर कुठे टेकलाय ते पडद्यावर दिसतं. कवटी नेमकी कुठे उघडायची, यासाठी झकास. पण आवरण उघडून आतलं पाणी काढलं की मेंदू खाली बसतो. नकाशा मात्र आधीचाच राहतो. शिवाय नेहमीच्या जागचा अॅन्युरिझम सर्जन वाहिनीचा माग काढत गाठतात. दूरच्या बारीक फांदीवरचा असेल किंवा एव्हीएम (रक्तवाहिन्यांचा गुंता) असेल, तर नेव्हिगेशनचा खरा उपयोग.

धाकधूक असते ती क्लिप लावल्यावर. फुग्याची मान पूर्ण बंद झाली का? शेजारची केसाएवढी वाहिनी चिमटली तर नाही ना? तेव्हा सर्जन म्हणतात, “आयसीजी द्या.” आयसीजी म्हणजे इंडोसायनिन ग्रीन. मी ते हिरवं औषध शिरेतून सोडते आणि मायक्रोस्कोपच्या इन्फ्रारेड कॅमेऱ्यात काही सेकंदांत वाहिन्या उजळतात. फुगा काळा राहिला पाहिजे. (त्याच वेळी बोटावरच्या ऑक्सिजनचा आकडा घसरतो. तो निव्वळ रंगाचा परिणाम, पण नवे रेसिडेंट हमखास दचकतात.)

ही सोय मेंदूच्या शस्त्रक्रियेत २००३ च्या सुमारास आली. तिची मर्यादा एवढीच की मायक्रोस्कोपला जे दिसतं तेच उजळतं. क्लिपच्या पाठीमागचं नाही. म्हणून वाहिनीवर बारीक डॉपलर (अल्ट्रासाउंडचा प्रोब) टेकवून प्रवाहाचा आवाज ऐकतात आणि केस अवघड असेल तर टेबलावरच डीएसए करतात, म्हणजे वाहिन्यांत औषध सोडून एक्स-रेवर काढलेली अँजिओग्राफी. मेंदूची अँजिओग्राफी पोर्तुगीज डॉक्टर एगास मोनिझ यांनी १९२७ साली लिस्बनमध्ये पहिल्यांदा केली. शंका राहिली तर आजही निकाल तिच्यावरच लावतात.

तेव्हा विचारायचं ते हे: सर्जन अशा केसेस नेहमी करतात का, कॉइलिंगचा (कवटी न उघडता वाहिनीतून जाऊन फुगा बारीक तारेने भरण्याचा) विचार झाला का, आयसीजी आणि डॉपलर आहे का, नंतर अँजिओग्राफी करून बघणार का.

आणि मामींना पूर्वी आयोडीनची किंवा कॉन्ट्रास्टची रिअॅक्शन आली असेल, तर भूलतज्ज्ञांना आधीच सांगा. आयसीजीतही आयोडीन असतं. दुसरं मत घ्यायला जाताना नुसता रिपोर्ट नको, अँजिओची सीडी न्या.