नव्या फ्लोअरिंगचा वास आणि घरातली हवा

प्रश्न : मे महिन्यात बेडरूममध्ये जुन्या मोझॅइक फरशीवर लॅमिनेटचे फ्लोअरिंग बसवले आणि सोबत भिंतभर कपाटही करून घेतले. पावसाळा लागल्यापासून खोलीत उग्र वास येतो, सासूबाईंचे डोळे चुरचुरतात. एसी लावला, कापूर जाळला, पण उपयोग झाला नाही. फ्लोअरिंग उखडावे का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : इतक्यात उखडू नका. लॅमिनेटच्या पट्टीचा गाभा लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेला असतो आणि ते तंतू बहुधा युरिया-फॉर्माल्डिहाइड रेझिन या गोंदासारख्या रसायनाने चिकटवलेले असतात. उकाडा आणि दमटपणा वाढला की या रेझिनचे थोडेथोडे विघटन होऊन फॉर्माल्डिहाइड वायू सुटू लागतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत पावसामुळे आपण खिडक्या लावून बसतो. जागतिक आरोग्य संघटनेने घरातील हवेसाठी याची मर्यादा अर्ध्या तासाच्या सरासरीने दर घनमीटरला ०.१ मिलिग्रॅम ठेवली आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली हा वायू कर्करोगकारक ठरवला, हे खरे असले तरी त्यामागचा पुरावा मुख्यतः कारखान्यांत वर्षानुवर्षे त्याच्या संपर्कात राहिलेल्या कामगारांचा आहे. तुमच्या घरी आज प्रश्न आहे तो डोळे, नाक आणि घशाच्या जळजळीचा, आणि सासूबाईंना दमा असेल तर तो अधिक गंभीरपणे घ्यायला हवा.

माझा पहिला संशय मात्र कपाटावर आहे. फ्लोअरिंगच्या पट्टीवरचा मेलामाइनचा (कडक प्लास्टिकसारखा) थर वायूला बऱ्यापैकी अडवतो. वायू सुटतो तो मुख्यतः कापलेल्या कडांमधून. कपाटाची दारे उघडून आत वास घ्या. पार्टिकल बोर्डाची (लाकडाचा चुरा दाबून केलेल्या फळीची) मागची बाजू, बिजागरीसाठी पाडलेली भोके आणि एज बँड (कड झाकणारी पट्टी) न लावलेल्या कडा उघड्या दिसल्या, तर सुताराकडून त्या बंद करून घ्या. तोवर सासूबाईंची झोपण्याची सोय दुसऱ्या खोलीत करावी.

घरातला स्प्लिट एसी सहसा खोलीतलीच हवा फिरवतो, बाहेरची ताजी हवा आत घेत नाही. म्हणून पाऊस उघडला की समोरासमोरच्या खिडक्या उघडून एक्झॉस्ट पंखा चालवा, आणि दमटपणा फार असेल तेव्हा एसी ड्राय मोडवर ठेवा. कापूर, उदबत्ती आणि मच्छर कॉइल या खोलीत पूर्ण बंद करावी, कारण त्यांच्या धुराने डोळ्यांचा त्रास वाढतोच आणि कॉइलच्या धुरात तर फॉर्माल्डिहाइडही असते. कुंडीतल्या चार झाडांनी एवढी हवा शुद्ध होत नाही. एअर प्युरिफायरचा हेपा फिल्टर धूळ अडवतो, वायू अडवत नाही. पुढच्या खरेदीच्या वेळी दुकानदाराकडे ई-१ (फॉर्माल्डिहाइड कमी सोडणाऱ्या बोर्डाचा दर्जा) किंवा त्याहून कडक दर्जाचा चाचणी अहवाल मागा, नुसत्या तोंडी हमीवर विसंबू नका.

प्रश्न : तळमजल्यावरच्या घरात कोब्यावर व्हिनाइल शीट चिकटवली आहे. तिचा गोडसर, कुबट वास जात नाही. (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : येथे मूळ कारण बहुधा ओल हेच आहे. सिमेंटमधला अल्कलीयुक्त ओलावा व्हिनाइलमधल्या प्लास्टिसायझरचे (शीट मऊ ठेवणाऱ्या रसायनाचे) आणि खालच्या गोंदाचे विघटन करतो आणि त्यातून २-इथाइलहेक्झेनॉल हे वासाचे द्रव्य तयार होते. शीट बदलून हे थांबणार नाही. एका कोपऱ्यातली शीट सोलून उघड्या कोब्यावर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने रात्रभर चिकटवून ठेवा. सकाळी खाली दंव दिसले किंवा कोबा काळसर पडला, तर आधी ओल बंद करा आणि तेथे साधी फरशीच घाला.