वाचकांचे प्रश्न : वैशाखात पानात काय वाढावे?

प्रश्न : आम्ही पती-पत्नी लातूरमध्ये सोळाच खुर्च्यांचे उपाहारगृह सुरू करणार आहोत. आधी नाव नोंदवलेल्या पाहुण्यांना, आसपासच्या शिवारात त्या त्या ऋतूत जे पिकते तेवढेच, सहा-सात पदार्थांत क्रमाने वाढायचे, असे ठरवले आहे. पावसाळा-हिवाळा निभावेल; परंतु उन्हाळ्यात आपल्याकडे हिरवे असे काय मिळणार? बाहेरून भाजी मागवावी काय?
— एक वाचक दांपत्य, लातूर

उत्तर : मागवू नका. मराठवाड्यातला उन्हाळा हा वाळवणाचा ऋतू आहे. सांडगे, बाजरीच्या खारोड्या, हिवाळ्यात वाळवून ठेवलेला हरभऱ्याचा पाला आणि डब्यात महिनोन्महिने टिकणारे येसर, म्हणजे भाजलेल्या धान्य-डाळी-मसाल्यांचे आमटीला लावायचे पीठ, हे सारे आपल्या घरांनी याच दिवसांसाठी राखून ठेवले. ते दुय्यम समजून लपवण्याऐवजी मानाने वाढा. शिवाय नवी चिंच आणि नवी तूरडाळ याच सुमारास घरात आलेली असते. तुमच्याच जिल्ह्यातील पानचिंचोलीची चिंच आणि बोरसुरीची तूरडाळ यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. या दोहोंचे साधे वरण, सोबत तळलेला सांडगा आणि शेवटी मराठवाड्याचा केशर आंबा, एवढ्याने वैशाखातले पान भरते.

खरी कसोटी भाकरीची आहे. शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणीला येतो. तेव्हा 'परभणी मोती'सारखा वाण ओळखीच्या शेतकऱ्याकडून वर्षाचा एकदम भरून ठेवा, पण दळण मात्र आठवड्यापुरतेच आणा, कारण पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, गेली की कितीही मळले तरी भाकरी थापताना कडेने चिरते. तव्यावर टाकलेल्या भाकरीला वरून फिरवलेले पाणी पुरते सुकण्याआधी ती उलटावी लागते, मग विस्तवावर टम्म फुगलेली भाकरी लगेच पाहुण्याच्या पानात पडावी लागते. पापुद्रा मऊ पडला की तिची चव गेली. दोनशे माणसांच्या पंगतीत हे साधत नाही, आणि म्हणूनच सोळा खुर्च्यांचा तुमचा निर्णय मला मनापासून पटला.

पावसाळ्यातील करटुली, तांदुळजा, पाथरी या भाज्या त्या ओळखणाऱ्या शेतकरी बायांकडूनच घ्या आणि भाव त्यांनाच ठरवू द्या.

हुरडा मात्र त्याच्या दिवसांपलीकडे कधीही वाढू नका. गोठवलेला हुरडा बाजारात मिळतो. परंतु आगटीतून, म्हणजे शेतातल्या विस्तवाच्या खड्ड्यातून, काढलेले कणीस तळहातावर चोळताना सुटणाऱ्या कोवळ्या, वाफाळत्या दाण्याचा गोडवा त्यात उरत नाही. त्याच सुमारास वेळ अमावास्या, म्हणजे मार्गशीर्षातली अमावास्या, येते. ओला हरभरा, तूर, पावटा आणि मिळतील तितक्या पालेभाज्या घालून, बेसन लावून केलेली आंबट भज्जी, बाजरीचे उंडे आणि मडक्यातले आंबील हे तुमच्या वर्षातले सर्वांत श्रीमंत पान ठरेल. ते आदल्या आठवड्यात वाढा. प्रत्यक्ष अमावास्येला उपाहारगृह बंद ठेवा, कारण त्या दिवशी सारे लातूर शेतात जेवायला गेलेले असते, आणि तुम्हीही तिथेच असायला हवे.